दुसऱ्या बाजूचा कागद

नरहरराव अर्जनवीस गेले हे मला मंठ्याच्या मोटारतळावर कळलं. जालन्याच्या गाडीला वेळ होता. शेजारी अंबडकडचे दोन शेतकरी तंबाखू मळत बसले होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तो अंगठेवाला गेला की परवा." दुसऱ्यानं विचारलं, "कोण अंगठेवाला?" "अंबडच्या कचेरीतला अर्जनवीस. पाटलासाठी गरिबाचे अंगठे घेतल्ते न्हाई का त्यानं, इहिरीच्या कागदावर." "हां, तो व्हय," दुसरा म्हणाला, आणि दोघं कापसाच्या भावावर बोलायला लागले. तेवढ्यात गाडी आली, मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. अंगठेवाला हे नाव त्या दोघांनी ठेवलेलं नव्हतं. ते मी ठेवलं होतं, जालन्याच्या एका छापखान्यात, उभ्या उभ्या, रागाच्या भरात. आणि ते खोटं होतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी नरहररावांच्या आठवणी लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. मी पक्षाचा कार्यकर्ता, मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात कुणीतरी दोषी असतो आणि तो लिहिणारा नसतो. इथं तसं करता येणार नाही, हे मला पहिल्या ओळीलाच दिसत होतं.

नरहरराव हे अंबडच्या कचेरीच्या ओसरीत, दुसऱ्या खांबाला पाठ लावून, सतरंजीवर बसायचे. पुढे उतरती पेटी, दौत, टाक. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे हा त्यांचा धंदा. निजामाच्या अमलात त्यांनी पंचवीस वर्षं उर्दूत लिहिलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीत मराठी आली, तेव्हा पन्नाशीतल्या या माणसानं मुलांच्या पाटीवर मराठी अक्षर पुन्हा घटवलं. घटवलं खरं, पण हाताची जुनी ओढ गेली नाही. त्यांची अक्षरं सगळी डावीकडे कललेली असायची, वाऱ्यात उभ्या असलेल्या ज्वारीसारखी. हजार कागदांत त्यांचा कागद ओळखू यावा असं ते अक्षर होतं. सकाळी ते एकाचा अर्ज लिहायचे, आणि दुपारी त्याच प्रकरणातला समोरचा माणूस येऊन बसला तर त्याचा जवाबही तेच लिहायचे. तालुक्यात यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. अट एकच होती. एकाच्या कागदातलं दुसऱ्याला सांगायचं नाही. तेवढी पाळली की दोन्ही बाजू त्याच सतरंजीवर येऊन बसत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो भांडायला. कचेरीत नकला मागायला येणारे शेतकरी सकाळपासून सांजेपर्यंत लिंबाखाली बसून राहतात, याच्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. कारकुनाला त्यात मी सरंजामशाहीचं शेवटचं पिल्लू म्हटलं होतं. छापायच्या आधी तपशील तपासावा म्हणून कुणीतरी नरहररावांकडे पाठवलं. त्यांनी कागद वाचला. तोंडावरची रेघ हलली नाही. "भाषा झकास आहे," म्हणाले. मी खूश झालो. (पुढे कळलं, लिखाणात दुसरं काहीच घेण्यासारखं नसलं की ते हे म्हणत.) मग त्यांनी पेटीतून कोरा कागद काढला आणि लिहायला लागले. मला वाटलं दुरुस्त्या लिहून देताहेत. अर्ध्या तासानं कागद हातात ठेवला. तो त्या कारकुनाचा जवाब होता... माझ्या पत्रकाला, त्या कारकुनानं द्यावा तसा. 'दफ्तर सगळं उर्दूत. नक्कल मराठीत मागतात. कचेरीत आता उर्दू वाचणारा मी एकटा उरलो आहे. दिवसाला माझ्या हातानं होतील तेवढ्या नकला होतात. पत्रककर्त्यांना उर्दू येत असल्यास त्यांनी यावं, शेजारी जागा आहे.'

मी म्हणालो, "तुम्ही त्यांची बाजू घेता?"

"मी कुणाची घेऊ? तुम्ही तुमची आणली, मी दुसरी लिहिली. ह्याला तुमच्याकडं उत्तर असंल तर बेशक छापा. नसंल तर आधी उत्तर शोधा, मंग छापा." आणि वर, "घाई तर न्हाई ना, लीडर?"

ते मला लीडर म्हणायचे. हैद्राबादच्या अमलातला शब्द, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे शेवटपर्यंत मला ठरवता आलं नाही. मी चिडून परत गेलो, पण त्या कागदाला उत्तर सापडेना. शेवटी पत्रक पुन्हा लिहिलं. सरंजामशाहीचं पिल्लू गेलं, एका कारकुनाच्या हातानं किती नकला होणार हे आलं, आणि उर्दू वाचणारा दुसरा माणूस द्या ही मागणी आली. चार महिन्यांत दुसरा नक्कलनवीस आला. पिल्लू तसंच ठेवलं असतं तर आला असता का, मला माहीत नाही. त्या दिवसापासून माझं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी नरहररावांकडे जायला लागलं, आणि प्रत्येकाबरोबर एक दुसऱ्या बाजूचा कागद परत यायला लागला. माझा शब्द त्यांनी कधी बदलला नाही. हे काढ, ते घाल, असं कधी म्हटलं नाही. समोरचा माणूस जास्तीत जास्त चांगलं काय बोलू शकेल तेवढं लिहून द्यायचे आणि टाक पुसायचे.

आता विहिरीचं. गावाचं नाव देत नाही, कारण तिथली दोन्हीकडची माणसं अजून एकमेकांचं तोंड बघून राहतात. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे वस्ती. सरकारी कागदात तिला हरिजनवाडा म्हणत, आम्ही वस्ती म्हणायचो. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायकांना पाय ठेवू देत नव्हते. वर बसून कुणी पाणी ओतलं तर घ्यायचं, नाही तर नाल्यातल्या झिऱ्यावर वाटी वाटी भरत बसायचं. कायदा काय सांगतो ते मी त्यांना सभेत सांगितलं होतं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. शेवटी सरकारनं वस्तीसाठी विहीर मंजूर केली. आणि खणायला सुरुवात झाली ती नाल्याच्या अलीकडे, पाटलाच्या मळ्यात.

मी पत्रक लिहिलं. आजही मला ते माझ्या चांगल्या पत्रकांतलं वाटतं. तालुक्याचे साहेब जागेच्या पाहणीला येणार होते, त्याच्या आधी ते तालुकाभर जायला हवं होतं. खर्डा नरहररावांकडे दिला. एरवी ते दुपारपर्यंत कागद परत द्यायचे. या वेळी दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा कागद मिळाला. त्याच्यावर एकच ओळ होती. 'जागा वस्तीच्या राजीखुशीनं ठरली, पाच जणांचे अंगठे आहेत.'

"कुणाचे अंगठे?" मी विचारलं.

"जवाब लिहिला आहे. तुमच्याकडं उत्तर आहे का?"

"आपलं पाणी दुसऱ्याच्या मळ्यात न्या म्हणून कोण अंगठा देईल? काहीतरीच लिहिता."

"मला न्हाई विचारायचं. वस्तीत जाऊन विचारा."

"काही माहिती आहे का तुम्हाला?"

त्यांनी टाक पुसला. पुन्हा पुसला. "लीडर, एवढी एक बार जाऊन या. मंग छापा."

मी गेलो नाही. वस्ती चार कोस, छापखान्यात खिळ्यांची जुळणी तयार, पाहणी तीन दिवसांवर. शिवाय एका ओळीचा जवाब मला थट्टा वाटली. म्हातारा थकला, असं मी सोबत्याला सांगितलं.

पाहणीच्या दिवशी बाभळीखाली साहेबांना खुर्ची टाकली होती. एका बाजूला पाटील आणि गाव, एका बाजूला वस्ती, मधे माझं पत्रक हातात घेतलेले साहेब. वस्तीतल्या गयाबाई बोलल्या. पन्नाशीच्या, काटक, डोईवरचा पदर दातात धरून बोलायची सवय. "साहेब, आमची इहीर आमच्या दारात न्हाई तर मंग ती आमची कशी? पाटलाच्या मळ्यात पाटलाचंच पाणी." साहेबांनी मान हलवली. मला वाटलं जिंकलं. तेवढ्यात पाटलानं बंडीच्या खिशातून घडी काढली आणि पुढे केली. जागेची संमती. खाली पाच अंगठे. साहेबांनी नावं वाचली, त्यातलं दुसरं तुळशीरामचं, गयाबाईच्या दिराचं.

"अंगठा तुझा?"

"माझाच असंल, साहेब. पाटील म्हटले इहिरीचा कागद हाय, अंगठा द्या. इहीर पाह्यजेच होती, दिला."

"वाचून दाखवला होता?"

"आम्हाला कोण वाचून दाखवून राह्यलं?" वस्तीतली माणसं हसली. साहेब हसले नाहीत. लिखापढी झाली आहे, काम सुरू आहे, हरकत असल्यास अर्ज करा, असं सांगून ते जीपमध्ये बसले. पत्रकाची त्यांनी घडी केली आणि ती खुर्चीवरच राहिली. गयाबाई माझ्याजवळ आल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही पाच डाव आल्ते वस्तीत. पाच डाव भाषण केलं. एक डाव इचारायचं, कुणी अंगठा दिला का म्हणून. सांगितलं असतं की आम्ही."

संमतीचा तो कागद साहेबांनंतर माझ्याही हातात येऊन गेला होता, आणि त्यातली सगळी अक्षरं डावीकडे कललेली होती.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, लांबवलं तर ते कारण सांगितल्यासारखं होईल. त्याच संध्याकाळी जालना गाठून मी 'दोन तोंडांची लेखणी' हे पत्रक लिहिलं. त्यात लिहिलं की नरहररावांना सगळं ठाऊक होतं. लिहिलं की संमतीचा कागद त्यांच्याच हातचा आहे. आणि लिहिलं की या अंगठेवाल्यानं वस्तीत बसून गरिबांचे अंगठे घेतले. पहिली दोन वाक्यं मी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिली. तिसरं मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वाक्यांनंतर तिसरं हवं असा पत्रकाचा ताल असतो, म्हणून ते आलं. दुसऱ्या दिवशी अंबडच्या बाजारात मी ते मोठ्यानं वाचलं आणि पोरांनी कचेरीच्या ओसरीला चिकटवलं. लोकांना तिसरं वाक्यच आवडलं.

चार दिवसांनी नरहरराव छापखान्यात आले. अंबडहून मोटारीनं, एकटे, हातात छत्री आणि घडी केलेलं माझं पत्रक. मी उभा राहिलो. ते बाकावर बसले, पाणी प्यायले.

"भाषा झकास आहे," म्हणाले.

मी त्यांच्या शेजारचे ओले छापील कागद उचलले.

"ह्याचा दुसऱ्या बाजूचा कागद मी लिहिणार न्हाई. दुसरी बाजू मीच आहे, तो बचाव होईल. नुसतं सांगतो." त्यांनी पत्रक मांडीवर उलगडलं आणि बोट ठेवलं. "मला माहीत होतं. बराबर. कागद माझ्या हातचा. बराबर. अंगठे मी घेतले, हे बिलकुल गलत. मी त्या गावात पाय ठेवला न्हाई. पहिली दोन पुरी होती, लीडर. तिसऱ्यानं ती दोन कच्ची होतात. उद्या पाटील हे एक खोटं दाखवील आणि बाकीचंही खोटं म्हणंल."

"माहीत होतं तर सरळ सांगायचं होतं."

"पाटलानं लिहून घेतला तेव्हा तो कागद पाटलाचा. तुमचे खर्डे मी पाटलाला सांगितले असते तर चाललं असतं का? मला जेवढं लिहिता येत होतं तेवढं लिहिलं. एक ओळ. दोन दिवस बसलो तिच्यावर." मग पत्रकावर तळवा आपटला, हळूच. "आणि सगळ्यात मोठं सांगायचं राह्यलं. ह्यात विहीर कुठंय? वरपासून खालपर्यंत मी आहे. त्या बाईचं पाणी एका ओळीत न्हाई."

मी विचारलं, आता काय करू. विचारताना आवाज माझा मलाच लहान वाटला.

"हरकतीचा अर्ज करा. गवाह म्हणून मला बोलवा. संमतीच्या कागदाखाली, मजकूर वाचून दाखवणाराची सही, असं लिहून मी जागा सोडली होती. पाटलानं सही घेतली न्हाई. साहेबांनी अंगठे मोजले, खाली पाह्यलंच न्हाई."

"पण तुम्ही म्हणता, कागद पाटलाचा..."

"पाटलानंच तो चार लोकांत काढून दाखवला. आता झाकायचं काय राह्यलं?" ते उठले. दारात थांबून छत्री चाचपली. "अर्ज मात्र तुम्ही लिहा. माझ्या अक्षरात नको."

सुनावणीत ते उभे राहिले आणि कागद माझ्या हातचा आहे, सहीची जागा कोरी आहे, एवढंच बोलले. बाहेर पाटलानं गाठलं. "नरहरराव, तीस वर्षं तुमच्याकडं कागद लिहून घेतले आम्ही." नरहरराव म्हणाले, "हाही चांगलाच लिहिला होता, पाटील. तुम्ही पुरा केला न्हाई." संमती रद्द झाली. पाटलाच्या मळ्यातली विहीर पाटलाला पचली, तिचं कुणी काही करू शकलं नाही. पण दुसरी मंजूर झाली, वस्तीत, तुळशीरामच्या घरामागे, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी लागलं.

नरहररावांचं मात्र काम गेलं. पाटलाकडची माणसं येईनात, कारण ते गिऱ्हाइकाविरुद्ध साक्षीला उभे राहिले. गरीब माणसं येईनात, कारण माझं पत्रक. सतरंजी तीच, खांब तोच, पुढे कुणी नाही. मी खुलासा छापला नाही. पक्षाच्या समितीत विषय निघाला तेव्हा सोबती म्हणाले, पाटलाच्या हातात कोलीत कशाला देता, निवडणूक जवळ आहे. मला ते पटलं, म्हणजे सोयीचं वाटलं. निवडणूक झाली. मग हैद्राबाद राज्य जाऊन नवी राज्यं आली, मग आणखी काही झालं... दर वेळी काहीतरी जवळ असायचंच. पत्रकांचे खर्डे मी त्यांना दाखवत राहिलो, पण कचेरीत नाही, घरी जाऊन. ओसरीत जायला मला तोंड नव्हतं. ते दार उघडायचे, वाचायचे, दुसऱ्या बाजूचा कागद लिहून द्यायचे. शेवटच्या वर्षात टाक थरथरायचा, अक्षरं आणखीच कलली. एकदा मी म्हणालो, "ते तिसरं वाक्य माझ्या मनाला लागून राहिलंय." ते म्हणाले, "मला सांगून काय फायदा? मला माहीतच आहे ते खोटं. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा."

मी अजूनही म्हणतो की त्यांनी त्या दोन दिवसांत सरळ सांगायला हवं होतं. वस्तीचं पाणी एका बाजूला आणि धंद्याची अट दुसऱ्या बाजूला असेल तर अट मोडायची असते. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो होतो, आता मेल्यावर गिळत नाही. पण त्यांनी जे केलं ते मी बाजारात वाचून दाखवलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मंठ्याहून आल्यावर मी अंबडला गेलो. घरी त्यांच्या मुलीला भेटलो, फार बोलणं झालं नाही. मग चार वर्षांनी पहिल्यांदा कचेरीच्या ओसरीत शिरलो. दुसऱ्या खांबाजवळची जागा रिकामी होती. शेजारच्या सतरंजीवर करीममियाँ, जुने अर्जनवीस, चष्म्यावरून बघत होते. खांबाला, बसणाऱ्याच्या डोक्याच्या वर वीतभर, माझं 'दोन तोंडांची लेखणी' अजून चिकटलेलं होतं. पिवळं पडलेलं, कडा गेलेल्या, पण वाचता येत होतं. तिसऱ्या वाक्यावर एक रेघ मारलेली होती. सरळ, पट्टीनं. बाकीच्या मजकुराला हात लावलेला नव्हता.

करीममियाँ म्हणाले, "आम्ही लई डाव म्हटलं, काढून टाका. म्हणायचे, राहू द्या, दोन वाक्यं खरी आहेत. एक गलत होतं ते मी खोडलं. माझ्या खोडण्यानं काय होतंय, म्हणायचे. ज्यानं लिहिलं त्यानं खोडावं."

मी त्यांचा टाक मागितला. रेघेच्या वर बोटभर जागा होती. तिथं लिहिलं, 'हे मी खोटं लिहिलं होतं. अंगठे नरहररावांनी घेतले नाहीत. वस्तीची विहीर त्यांच्या साक्षीनं झाली.' खाली नाव घातलं. ओसरीत आणि बाहेर लिंबाखाली मिळून वीस-पंचवीस माणसं असतील, तारखेला आलेली, फेटे मांडीवर घेऊन बसलेली. माझ्याकडे बघत होती. करीममियाँनी विचारलं, "ह्यांच्यातल्या किती जणांना वाचता येतं, साहेब?"

मी पायरीवर उभा राहून ते मोठ्यानं वाचलं. माझं नाव, तिन्ही वाक्यं, पुन्हा माझं नाव. लिंबाखालून एक म्हातारा उठला, हात कानामागे धरून चार पावलं पुढे आला.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला. "माघं ऐकू आलं न्हाई."

मी पुन्हा वाचलं.